रजिस्टर पोस्टाने घातलेली मागणी

ही गोष्ट सांगावी की सांगू नये, या विचारातच माझा अर्धा कप चहा निवून गेला बघा! पण तुम्ही सगळ्याजणी बिस्किटं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघताय, म्हणजे शैलाने, आमच्या सूनबाईंनी, तुम्हांला काहीतरी अर्धवट सांगितलेलं दिसतं. तिच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून क्रमाने ऐका. गाढवपणा माझा होता. तेव्हा तो व्यवस्थित सांगण्याचा अधिकारही माझाच.

मी जुनी अकरावी मॅट्रिक. बदलापूरच्या पलीकडच्या आमच्या गावात इंग्रजी विषय घेऊन मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी भाताची लावणी अर्धवट टाकून गावभर गूळ वाटला होता. पुढे लग्न होऊन अंबरनाथला आले, आणि आमच्या सबंध चाळीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. बँकेचं पत्र आलं, आण मॅट्रिकवाल्या काकूंकडे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, विचार काकूंना. एकदा तर एका गृहस्थांनी नव्या मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावलं, आणि मी वाचेपर्यंत मिक्सर लावला नाही!

आता अशी पन्नास वर्षं गेल्यावर माणसाच्या डोक्यात थोडी हवा जाणारच की नाही? माझं मत पक्कं झालं होतं. मराठीत आपण घरचं बोलावं, हिंदीत भाजी घ्यावी. पण एखाद्या गोष्टीला वजन आणायचं असेल, समोरच्याला आपली योग्यता कळायला हवी असेल, तर ती गोष्ट इंग्रजीत मांडावी. या मतापायी माझ्या नातवाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

नातू म्हणजे निखिल. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत इंजिनिअर आहे. एके दिवशी संध्याकाळी तो माझ्या पायाशी येऊन बसला. सत्तावीस वर्षांचा घोडा पायाशी येऊन बसतो, तेव्हा एक तर त्याला काहीतरी हवं असतं, नाहीतर त्याने काहीतरी केलेलं असतं.

"आजी, कंपनीत एक मुलगी आहे. कोमल नाव तिचं. दोन वर्षं झाली."

"कशाला दोन वर्षं झाली?"

"आजी, प्लीज! समजून घे ना."

शैला स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "आई, सिंधी आहेत. उल्हासनगर कॅम्प तीनचे. वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे."

दोघंही माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी आता कपाळाला हात लावून खाली बसणार. मी चष्मा पुसला. खरं सांगू? मला आनंद झाला होता. पोराने सत्ताविसाव्या वर्षी का होईना, एक निर्णय स्वतः घेतला होता! पण आनंद लगेच दाखवला तर मोठेपणाला किंमत काय राहिली?

"माझी हरकत नाही," मी म्हणाले. "परंतु सर्व रीतीप्रमाणे व्हायला हवं. मुलाकडच्या वडीलधाऱ्या माणसाने आधी निरोप पाठवावा लागतो."

"मग पाठव की! व्हॉट्सॲप कर, मी नंबर देतो."

"व्हॉट्सॲप? तुझ्या बारशाचे फोटो पाठवायचेत का मला?"

"बरं, फोन कर. हिंदीत बोल."

आता माझी हिंदी तुम्हांला ठाऊक आहे. 'भैया, ये भेंडी कडक है, हमको कवळी होना' इथपर्यंत ती ठीक चालते. त्या हिंदीत मी होणाऱ्या व्याह्यांशी बोलायचं? काय समजले असते ते आम्हांला? मी निखिलला सांगितलं, "तू यात लक्ष घालू नकोस. मी माझ्या पद्धतीने कळवीन. आषाढ लागायला पंधरा दिवस आहेत, त्याच्या आत बोलणी झाली पाहिजेत." पोरगा माझ्या पाया पडला. बिचाऱ्याला काय कल्पना!

मी दार लावून घेतलं आणि लिहायला बसले, इंग्रजीत.

आता इथेच खरी गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. आम्हांला शाळेत इंग्रजी पत्रं किती शिकवली होती? हेडमास्तरांना रजेचा अर्ज, पुस्तकविक्रेत्याला मागणीपत्र, आणि गटार तुंबल्याबद्दल नगरपालिकेला तक्रार. संपलं! साहेब निघून गेला, पण जाताना आमच्या हातात फक्त अर्ज आणि तक्रारी ठेवून गेला. कुणाला प्रेमाने घरी बोलवावं, कुणाची लेक मागावी, याचा नमुना अभ्यासक्रमात नव्हताच. मग मी काय केलं असेल? रजेच्या अर्जात मुलगी मागता येईना, म्हणून गटाराची तक्रार आधाराला घेतली.

त्यात आमच्याकडची एक जुनी रीत आडवी आली. मुलीकडून होकार येईपर्यंत 'लग्न' हा शब्द मुलाकडच्यांनी उच्चारायचा नाही. 'त्या गोष्टीबद्दल' असं मोघम म्हणायचं. रीत म्हणजे रीत! ती मी इंग्रजीतही पाळली. सबंध पत्रात 'मॅरेज' हा शब्द औषधालासुद्धा नव्हता. जिथे तिथे 'द मॅटर'.

मजकूर तुम्हांला मराठीत सांगते. पहिला मुद्दा: माझा नातू आणि आपली कन्या यांचा गेली दोन वर्षे परिचय असल्याची बाब माझ्या निदर्शनास आली आहे. दुसरा: आपल्या घराण्याबद्दल आणि धंद्याबद्दल मी बाजारात सविस्तर चौकशी केली आहे. तिसरा: हे प्रकरण यापुढे लांबणीवर टाकणे दोन्ही पक्षांच्या हिताचे नाही. चौथा: पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्यावे, तसे न झाल्यास आम्हां पाच माणसांना आपल्या निवासस्थानी येणे भाग पडेल.

हसा, हसा! पण माझ्या बाजूने विचार करा. पंधरा दिवस आषाढामुळे. पाच माणसं, कारण बोलणी करायला आपण पाच माणसं नेतो. चौकशीचा उल्लेख कौतुकासाठी, कारण जिथे विचारलं तिथे सगळ्यांनी त्यांचं नाव चांगलंच घेतलं होतं. ते चांगलं नाव मात्र मी पत्रात लिहायचं विसरले. नुसती चौकशी लिहिली.

अलीकडे माझा हात थरथरतो, म्हणून पत्र टाइप करून घ्यायचं ठरवलं. कचेरीबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यांच्यातल्या एकाकडे गेले. त्याने कागद वाचला, चष्म्यावरून मला न्याहाळलं.

"मावशी, समोरची पार्टी कोण?"

"सिंधी आहेत. कॅम्प तीन."

"कारखानेवाले?"

"होय."

"वकील नाही लावला?"

मला त्या प्रश्नाचा थोडा अपमानच वाटला. "मी स्वतः मॅट्रिक आहे. मला वकील कशाला लागतो?"

"मानलं मावशी तुम्हाला!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "ह्या वयात! थांबा, मी हिरव्या लीगल कागदावर मारतो. मुद्द्यांना नंबर टाकतो. साध्या कागदाला आजकाल कोण विचारत नाही. आणि रजिस्टर करा, पोचपावती जोडून. नंतर मिळालंच नाही म्हणतात हे लोक."

किती चौकस, किती व्यवस्थित माणूस, असं मनाशी म्हणत मी त्याचे आभार मानले. वर त्याला सांगूनही आले, "सगळं सुरळीत झालं की पेढे घेऊन येईन हो." तो म्हणाला, "मावशी, जिंकणार तुम्हीच!"

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काय म्हणावं!

चार दिवसांनी निखिल कामावरून आला तो चेहरा पाडून. जेवला नाही. शैलाने दोनदा विचारल्यावर म्हणाला, "कोमल म्हणते, काही दिवस फोन करू नकोस. तिचे पप्पा खूप टेन्शनमध्ये आहेत. काय झालंय ते तिलाही सांगत नाहीत. कारखाना दुपारीच बंद केला आणि एका वकिलाकडे गेले."

"वकिलाकडे?" शैला घाबरली. "आई, तुम्ही काय कळवलंत त्यांना?"

मी शांतपणे ताक प्यायले. "शैला, व्यापारी माणसं आहेत. आपलं पत्र इंग्रजीत गेलंय. त्याला शोभेल असं उत्तर द्यायला त्यांनी सुशिक्षित माणूस गाठला असणार. चांगलं इंग्रजी घाईत होत नसतं."

"आजी," निखिल हळूच म्हणाला, "हे मोडलं ना, तर मी पुन्हा कुणाचं नाव घेऊन तुझ्याकडे येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

त्याचा आवाज ऐकून मीही धास्तावले. पण चेहऱ्यावर दाखवीन तर मी मॅट्रिक कसली? "उत्तर येईल," मी म्हणाले.

आणि आलं की! आठव्या दिवशी, रजिस्टर पोस्टाने, टाइप केलेलं, मुद्द्यांना नंबर घातलेले. वर वकिलाचं नाव छापलेलं. उघडून वाचलं आणि मी अक्षरशः हरखून गेले. काय ते इंग्रजी! एकेक वाक्य पाऊण पानाचं! माझ्या शाळेतल्या मास्तरांनी वाचलं असतं तर त्यांनी टोपी काढली असती.

दुसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं, की आमच्या अशिलाच्या धंद्याबद्दल आपण जे म्हटले आहे ते आम्ही मान्यही करीत नाही आणि अमान्यही करीत नाही. मी मनात म्हटलं, केवढा हा विनय! आपण एवढी चौकशी करून घराणं पसंत केलं, तरी माणूस फुगत नाही! आणि शेवटी असं, की अशील आपल्याला आणि आपल्या माणसांना येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता, त्यांच्या राहत्या घरी, वकिलांच्या उपस्थितीत भेटायला तयार आहेत.

"रविवारी बोलावलंय!" मी बाहेर येऊन जाहीर केलं. निखिलने मला उचलून गोल फिरवलं, या वयात! पत्र वाचायला मागण्याचं भान त्याला राहिलं नाही, आणि मीही दिलं नाही. इंग्रजी पत्राचा सारांश सांगण्याचा मान आमच्या घरात माझाच.

रविवारी आम्ही निघालो. मी, माझा मुलगा विजय, शैला, निखिल आणि माझे धाकटे दीर, मला धरून बरोबर पाच. नारळ, पेढे, कोमलसाठी मोरपंखी साडी. मी ठेवणीतली नारायण पेठ नेसले होते. दोन रिक्षा करून कॅम्प तीनला पोहोचलो. खाली कारखाना, वर घर. जिन्यात निळ्या कापडाचे तागे छताला टेकले होते, त्यांच्यातून अंग चोरत वर गेलो.

दार उघडलं आणि पाहते तो काय? हॉलमध्ये भिंतीला लागून दहा-बारा धिप्पाड पुरुष, सगळ्यांच्या हातांच्या घड्या. मध्यभागी कोमलचे वडील मोहनलालजी, घामाघूम. त्यांच्या शेजारी काळा कोट घातलेले एक वकील, मांडीवर फाइल. बायका एकही नाहीत.

आम्हांला बसायला सांगितलं. पाणी आलं. नुसतं पाणी.

शैला माझ्या कानाशी लागली. "आई, पापड नाही."

"काय?"

"सिंधी लोक पाण्याबरोबर पापड देतात हो! शत्रूलासुद्धा देतात. काहीतरी बिनसलंय."

"गप्प बस," मी म्हटलं. आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला.

वकील खाकरले. "मॅडम, लेट अस कम टू द पॉइंट. व्हॉट एक्झॅक्टली इज युअर क्लेम?"

आता त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, म्हणजे मी मागे राहीन होय? मी ताठ बसले, पदर सारखा केला आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "सर, वुई वाँट द गर्ल."

भिंतीजवळचे दोघं एक पाऊल पुढे आले. मोहनलालजींनी रुमालाने कपाळ पुसलं. निखिलने डोळे मिटले.

"अँड इफ वुई रिफ्यूज?"

"देन वुई शॅल बी व्हेरी सॉरी," मी सौजन्याने म्हणाले. तेही ऐकणाऱ्याला धमकीच वाटली, हे मला नंतर कळलं.

"देखो, धमकी नहीं चलेगी!" भिंतीजवळून कुणीतरी गरजलं. माझे दीर एरवी मुंगीला घाबरतात, पण तेही उठून उभे राहिले. "धमकी कोण देतंय? ए, आवाज खाली!" विजयने त्यांचा सदरा धरला. निखिल मध्ये पडला. मी "ऑर्डर, ऑर्डर!" म्हणत होते. हो, खरंच म्हणत होते! माझ्या डोळ्यांसमोर माझ्या नातवाचं लग्न त्या हॉलच्या मधोमध चिंधड्या होत होतं, आणि मला त्यावर इंग्रजीतला एकही उपयोगी शब्द सुचत नव्हता.

तेवढ्यात आतला पडदा सरकला. पांढऱ्या सलवार-खमीसमधल्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई काठी टेकत बाहेर आल्या. सगळे पुरुष बाजूला सरले. मोहनलालजी उठून म्हणाले, "अम्मा, तू अंदर बैठ."

अम्मांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या थेट माझ्यासमोर आल्या, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, नारळाकडे पाहिलं, साडीच्या पिशवीकडे पाहिलं. आणि मग काय म्हणाल्या असतील? आमच्या बदलापूरकडच्या अशा बोलीत, जी मी माझ्या आईच्या मागे कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

"अगो बाय, पोरीला मागनी घालाला आयलीस, का कज्जा कराला?"

मी पन्नास वर्षं जपलेलं माझं सगळं पुस्तकी बोलणं, माझं इंग्रजी, माझी मॅट्रिक, त्या एका प्रश्नापुढे सारं गळून पडलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मागनी घालाला आयलाव गो बाय! कज्जा कशाला करू!"

शैला माझ्याकडे पाहतच राहिली. तिने तीस वर्षांत मला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

अम्मा मटकन माझ्या शेजारी बसल्या आणि हसायला लागल्या. "मंग असा बोल ना बाय! तुझी बोली वलखली मी. सालभर डोक्यावर कापडाचा गाठोडा घेऊन मी तुमच्या बदलापूरच्या गावांनी फिरलेली बाय हाय. तुमच्या आयाबायांनी मना भाकर दिली, बोली दिली. आनी तू माझ्या पोराला इंग्रजी कागद धाडतंस?"

"पण अम्मा, तो कागद," वकिलांनी फाइल उघडली. आणि माझं पत्र बाहेर आलं. हिरवंगार! निखिलने ते त्यांच्या हातातून घेतलं. तो एकेक मुद्दा वाचत गेला आणि मोठ्याने मराठीत सांगत गेला. चौथ्या मुद्द्याला त्याला हसू आवरेना, तो सोफ्यावर आडवा झाला. विजय रुमालात तोंड लपवत होता. भिंतीजवळचे धिप्पाड पुरुष, जे कोमलचे काका-मामा निघाले, ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

मोहनलालजींनी मात्र छातीवर हात ठेवला. "माताजी, मी आठ दिवस झोपला नाय! आमच्याकडे इंग्लिश कागद कोण पाठवतो? कोर्ट, टॅक्स नाहीतर म्युनिसिपालटी. वरतून लिहिलं, पाच आदमी घेऊन येते! मैं समझा, युनियनवाले आ रहे हैं. साला-मेव्हणा सगळ्यांना बोलावून घेतला."

"अहो, पण तुम्ही कोमलला का नाही दाखवलं? ती वाचून सांगती ना!" शैला म्हणाली.

"उसका नाम था ना उसमें! पोरीला टेन्शन कशाला?"

मग पापड आला. एक नाही, परातभर! मागून गोड शेव, चहा, आणि त्यांच्या मागून कोमल. मोरपंखी साडी पाहून तिचे डोळे भरले, आणि निखिलचेही. मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लगीन ठरला," अम्मा म्हणाल्या. "पन माझी एक अट हाय."

निखिलचा कप ओठांपाशीच थांबला.

"याच्यापुढं तुझी पत्रा बंद. काय सांगाचा तं रिक्षा पकडून ये, नायतं फोन कर. माझ्या पोराला बीपी हाय."

"मान्य आहे," मी खाली मान घालून म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना वकीलसाहेब जिन्यापर्यंत आले. हात जोडून, अगदी गंभीरपणे, या वेळी मराठीत म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. आमच्या ऑफिसात ड्राफ्टिंगला याल का? मी वीस वर्षं नोटिसा लिहितोय. पण माझी नोटीस वाचून आजवर कुणी आपली मुलगी दिलेली नाही."

जिन्यातले सगळे कठड्याला धरून हसत सुटले. फक्त एका व्यक्तीला तो विनोद आहे हे कळायला उशीर झाला. कारण तोवर मी पर्समधून पेन काढून त्यांना विचारूनही बसले होते, "ऑफिसची वेळ काय आहे?"